दिवा नसलेलं यंत्र

रत्नागिरी,
एप्रिलचा दुसरा रविवार

प्रिय सम्यक,

सप्रेम जय भीम.

तू म्हणशील, ताईनं दोन वर्षांनी पत्र लिहिलं आणि तेही सिमकार्डांविषयी. म्हण. हसलास तर अधिकच बरं. तुला मेसेज पाठवला की दोन खुणा उमटतात, पण त्या निळ्या होत नाहीत, म्हणून शेवटी कागद घेतला. पाकीट हातात आलं की माणूस निदान उलटून पाहतो. शिवाय विषय तुझा आहे. तुझी कंपनी ट्रकांना यंत्रं बसवते आणि कुठला ट्रक कुठल्या वळणावर आहे ते तू वाशीत खुर्चीवर बसून पाहतोस. गेले तीन महिने मी तेच शिकते आहे, रुग्णसेवा मंडळाच्या चार गाड्या आणि पाच पेट्यांसाठी. निर्णय झाला आहे, यंत्रं बसली आहेत आणि मला वाटतं मी बरोबर निवडली आहेत. तरी तू एकदा तपासावंस असं मनात आहे. कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं कागद तपासून माझी सवयच झाली आहे, माझं स्वतःचं बरोबर आहे हे दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही.

तू गावात होतास तेव्हा मंडळाची एकच अँब्युलन्स होती. आता तीन आहेत, एक अंत्ययात्रेची गाडी आहे आणि शीतपेट्या पाच झाल्या आहेत. ज्या घरातला मुलगा मुंबईला, त्या घरी कधी ना कधी पेटी लागतेच. गेलेल्या माणसाला मुलगा पोचेपर्यंत नीट ठेवायचं, एवढंच तिचं काम. आणि या पेट्या हरवतात. चोरीला जात नाहीत, शीतपेटी कोण चोरणार! त्या हरवतात आपल्या माणसांच्या चांगुलपणामुळे. मुलगा येतो, सगळं उरकतं, पेटी धुऊन शेतावरच्या मांगरात नाहीतर शाळेच्या पडवीत उभी करून ठेवतात. मग शेजारच्या वाडीत कोणी गेलं की ती माणसं टेम्पो आणतात आणि तिथूनच पेटी उचलून नेतात. मंडळाला कळवायचं भान तेव्हा कुणाला असणार? आणि मंडळानं विचारायचं म्हटलं तर कुणाला? ज्या घरात माणूस गेला त्या घरी फोन करून "तुमची पेटी मोकळी झाली का" असं विचारायला आपल्याकडे कुणाची जीभ रेटत नाही. भागोजीअण्णांची तर नाहीच. ते आमचे अध्यक्ष, पेट्यांचा कारभार पहिल्यापासून त्यांच्याच हातात. सुतकाच्या घरी ते दहा दिवस फोन लावत नाहीत. आपल्या लोकांत सुतक पाळत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, तरी आपल्या घरांनाही तेवढाच मान देतात.

आपले आबा गेले तेव्हा हेच झालं. तू तेव्हा सुरतेला होतास, तिथून निघाला होतास, आम्ही थांबतो असं तुला सांगितलं होतं, मे महिना होता, आणि तेव्हाच्या तीन पेट्यांपैकी एकही नेमकी कुठे आहे ते कुणाला सांगता येईना. संध्याकाळी थोरांनी ठरवलं, आता थांबता येणार नाही. तू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलास. मग कुणीतरी सहज बोलून गेलं की खालच्या वाडीत मांगरामागे एक पेटी रिकामीच उभी होती. तू अंगणात उभा राहून "दोन किलोमीटर, ताई" एवढंच म्हणालास आणि बॅग न उघडताच परत गेलास. त्या वाक्यात खोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ते कधी खोडायला गेले नाही. पुढच्या महिन्यात मंडळाची सभासद झाले, यंदा चिटणीस. पेटी पुन्हा कुणाची हरवू नये, एवढं एक काम मला करायचं होतं. ते न सांगता पुढचं लिहिलं तर हे पत्र खोटं होईल.

जानेवारीत एका विक्रेत्याचा माणूस पुण्याहून आला. गोड बोलणारा. सगळ्या गाड्यांना आणि पेट्यांना टू-जीची यंत्रं लावा म्हणाला. "मॅडम, तुमच्या या डोंगरांत टू-जीच चालतं, लिहून घ्या." त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. आपल्या काही वाड्यांत आजही तेवढंच पोचतं. पण एका मोठ्या कंपनीकडे टू-जी मुळातच नाही, आणि बाकीच्या ते किती वर्षं चालू ठेवतील ते कुणी लिहून देत नाही. मी त्यालाच लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा त्यानं चहा संपवला. पेटी दहा-बारा वर्षं चालते. तिच्यावरचं यंत्र तिच्याआधी मुकं झालं तर आपण पुन्हा मांगर शोधत फिरणार.

उलट टोकाला आपली मुंबई शाखा. तिथले विनोद सभेला व्हिडिओवर हजर होते. पाठीमागे त्यांच्या ऑफिसचा पंखा गरगरत होता. "ताई, देणगीदारांसमोर टू-जी म्हणू? लोक हसतील. फाइव्ह-जी घ्या, वर कॅमेरा लावा, एकदम लेटेस्ट." भागोजीअण्णा पान जुळवत ऐकत होते. म्हणाले, "पेटीत कॅमेरा? अरे विनोद, आत कोन काय हालचाल करनार हाय रे?" सभा इतकी हसली की पुढचे दोन ठराव तसेच मंजूर झाले. हसू ओसरल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हायस बाय. तूच बघ. पन घाई नको, आनि लाज जाईल असं काय नको." मला मिळालेली लेखी-तोंडी सूचना एवढीच.

मग मी तीन कंपन्यांकडून तीन प्रकारची यंत्रं परीक्षेपुरती मागवली. ती घेऊन फिरले, आपल्या पावस गावच्या रस्त्यापासून लांज्यापर्यंत आणि तिथून वर आंबा घाटात, कारण अवघड पेशंट शेवटी कोल्हापूरलाच जातो. गाडीवर स्वरूप होता, आमचा जुना ड्रायव्हर. माझ्या मांडीवर वही, पुढच्या काचेपाशी तीन यंत्रं ओळीनं. तो म्हणाला, "ताई, पेशंट घेऊन जातो तेव्हा पन एवढी वायर नसते गाडीत." घाटात अपेक्षेप्रमाणे सगळीच गप्प झाली. फरक कळला तो साखरप्याला परत उतरल्यावर. दोन यंत्रं घाटातलं सगळं विसरली होती, नकाशावर गाडी घाटाच्या पायथ्याशी अडली आणि एकदम दुसरीकडे उगवली. तिसऱ्यानं मात्र वळणन् वळण साठवून ठेवलं होतं आणि रेंज येताच ओळीनं सांगितलं. त्या दिवशी पहिला निकष ठरला. गप्प बसलं तरी चालेल, विसरता कामा नये.

गाड्यांसाठी मी फोर-जीचाच तो संथ प्रकार घेतला, कॅट-वन म्हणतात तो. अँब्युलन्सनं काही सिनेमे पाठवायचे नाहीत, कुठे आहे एवढंच सांगायचं आहे, पण धावताना एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाताना तुटायचं नाही. फोर-जी नसेल तिथे ते टू-जीवर उतरतं, म्हणजे जुनं आहे तोवर त्याचाही उपयोग होतो. सिम यंत्रांसाठीचं असतं तसलं, तेरा आकडी नंबराचं, आणि एकाच कंपनीला बांधलेलं नाही. पावसला एकीचं जाळं चांगलं, लांज्याच्या आत दुसरीचं. आपल्याला कुणाशी सोयरीक जोडायची नाही. तुमच्याकडे असंच करतात का? करत नसाल तर का नाही, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पेट्यांच्या बाबतीत मात्र मी आधी चुकत होते. चार गाड्यांना घेतलं तेच पेट्यांना लावावं, म्हणजे बिल एक, माणूस एक, असं माझ्या मनानं घेतलं होतं. कारकुनी डोकं. पण पेटीचं जगणं गाडीसारखं नाही. गाडी धावते आणि तिच्यात बॅटरी असते. पेटी महिना महिना एका जागी उभी असते, वीज तोडलेली, जाड चिऱ्याच्या भिंतीआड. तिनं दर मिनिटाला बोलायचं नाही. हलवली की जागं व्हायचं, नव्या जागी ठेवली की एकदा सांगायचं आणि पुन्हा झोपायचं. त्यासाठी एनबी-आयओटी नावाचं निराळं, अरुंद जाळं आहे, तुला सांगायला नको. धावत्या गाडीला ते नीट पेलत नाही. पण थोडकं बोलतं, भिंतीतून पोचतं आणि छोट्या बॅटरीवर वर्षानुवर्षं निभावतं. आपल्याच घरात माजघरात नेऊन पाहिलं. माझा फोन तिथे अजूनही मेलेला असतो, बोलायचं तर आजही फणसाखालच्या कोपऱ्यात जावं लागतं. पण हे यंत्र माजघरातून बोललं. हे जाळं सगळीकडे नाही, हेही लिहिते. आम्ही फिरलो त्यातल्या दोन वाड्यांत ते सापडलं नाही. तिथे पेटी गेली की तिचा आधीचा ठावठिकाणा दिसतो आणि पुढची चौकशी माणसानं करायची. हे मी सभेत स्पष्ट सांगितलं. न सांगता मंजूर करून घेता आलं असतं, पण मग मला ते पचलं नसतं.

माझ्या आणखी दोन चुका, म्हणजे तुला हसता येईल. यंत्र कुणाला दिसू नये म्हणून मी ते पेटीच्या आतल्या बाजूला बसवून घेतलं. पेटी स्टीलची! स्वतःच यंत्राला डब्यात घातलं आणि दोन दिवस कंपनीला फोन करून जाळ्याला नावं ठेवली. मग ते बाहेर, कडीखाली आलं. दुसरं, ते बोलत होतं, पण जागा सांगत नव्हतं. पुन्हा जाळ्यावर राग. कंपनीचं पोर फोनवर अदबीनं म्हणालं, मॅडम, बोलण्यासाठी टॉवर लागतो, जागा कळण्यासाठी उपग्रह, म्हणजे वर मोकळं आकाश लागतं, ते तुमच्या माजघरात कुठून येणार? आता पेटी टेम्पोतून उतरते तेव्हा अंगणातच ते आकाश पाहून घेतं आणि मग आत जातं.

आता जे तुला कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही ते सांगते. परीक्षेचं यंत्र लावलेली एक पेटी येसूबाईंकडे गेली होती. त्यांचे यजमान गेले, मुलगा मुंबईहून निघाला होता. मी भेटायला गेले. पडवीभर माणसं, पेटीवर पांढरी चादर, आणि कडीखाली आमचं यंत्र. त्याला एक बारीक हिरवा दिवा, थांबून थांबून लुकलुकणारा. येसूबाई पेटीपाशी बसल्या होत्या आणि चेहऱ्याकडे न बघता त्या दिव्याकडे बघत होत्या. मी टेकले तशी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाय, अजून लुकलुकतंय गो." आधी मला कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या जावेनं, गोदूबाईंनी, सांभाळून घेतलं. "अगो, ती मशिनीची बत्ती. आपल्या फ्रिजला नाय का?" येसूबाईंनी मान हलवली, पण नजर तिथून काढली नाही. मी पदराच्या टोकानं तो दिवा झाकून मुलगा येईपर्यंत तशीच बसून राहिले. तो आला. वडिलांना पाहिलं, कपाळावर हात ठेवला. तेवढं पाहून मी उठले.

दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलं, पेट्यांच्या यंत्रांना दिवा नको. "मॅडम, दिवा नसेल तर यंत्र चालू आहे हे कळणार कसं?" मी म्हटलं, आम्हाला फोनवर कळेल, त्या घराला कळायला नको. तेव्हा तो म्हणाला, सॉफ्टवेअरमधून बंद होतो, करून देतो. बाकीचे निकष इतरांनी शिकवले असतील, हा एक येसूबाईंचा आहे. पेटी कुठे आहे, म्हणजेच कुठल्या घरी माणूस गेला आहे, हेही सगळ्यांनी बघायचं कारण नाही. म्हणून नकाशा फक्त अण्णांच्या आणि माझ्या फोनवर दिसतो, आणि पेटी परत आली की त्या घराची नोंद पुसली जाते. विनोदनी विचारलं, देणगीदारांना लाइव्ह दाखवता येईल का? अण्णा म्हणाले, "तुझ्या चाळीत कोन मेलं ते आम्ही इथे लायू बघतो का रे?" ठराव एकमतानं झाला.

गेल्या सोमवारी पहिल्यांदा खरी गरज पडली. लांज्याच्या बाजूच्या एका वाडीतून दुपारी फोन आला, आजोबा गेले, नातू आणि मुलगा दोघेही ठाण्याला. मंडळात एकही पेटी नव्हती. अण्णांनी सवयीनं कपाळाला हात लावला. मी फोन पुढे केला. एक पेटी तिथून जवळच्याच गावी, शाळेमागे, दहा दिवस न हललेली. म्हणजे मोकळी. कुणाच्या दुःखात जाऊन विचारायला नको. जे विचारायची आपल्याला लाज वाटते ते यंत्रानं आपसूक सांगितलं. स्वरूप गाडी घेऊन गेला, पेटी वेळेत पोचली आणि तिच्यामागून ठाण्याची माणसंही. संध्याकाळी अण्णा तो नकाशा पुन्हा पुन्हा बोटानं मोठा करून बघत होते. म्हणाले, "खालची वाडी कुठशी दिसते गो यात?" मी दाखवली. बराच वेळ तिथेच बघत राहिले. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "गंगारामच्या पोराला कळव. म्हनावं, अण्णानं तेव्हा खालच्या वाडीत फोन लावला नाय. लावायला होता." आबांचं नाव घेऊन का होईना, तुझा विषय त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा काढला. मी त्यांना कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण निरोप त्यांचा आहे, म्हणून जसाच्या तसा पोचवते.

त्याच दिवशी घरी येऊन एवढं सगळं मी आईला सांगितलं, अगदी फुशारकीनं. ती ओले काजू सोलत बसली होती, चिकानं बोटं काळी झालेली. तिचं हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणतात, पण आज घाबरण्यासारखं काही नाही. मी वाढवून लिहीत नाही, तुला बोलावायला तिचा आजार वापरायचा नाही असं मी स्वतःशी ठरवलं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, दिव्याचंही. मग म्हणाली, "बरं झालं गो. म्हनजे आता सम्यकला सवडीनं येता येईल." आणि पुढचा काजू उचलला. ती थट्टा होती का, हे मला तिच्या तोंडाकडे बघूनही ठरवता आलं नाही. तीन महिने मी खपले ते कुणाचा मुलगा उशिरा पोचू नये म्हणून. माझं काम चोख झालं आहे, त्याविषयी मला शंका नाही. पण ते आपल्या आईसाठी वापरायची वेळ येऊ नये, तिला तुझ्याशी भांडता येतंय तोवर तू यावंस, म्हणून हे लिहिलं. सिमकार्डांचं काय चुकलं ते आल्यावर सांग. आणि यायला जमेपर्यंत निदान फोन कर. रेंज अजून फणसाखालीच येते. गेल्या सोमवारपासून आईनं तिची खुर्ची तिथे हलवून घेतली आहे, फोन मांडीवर घेऊन बसते. का म्हणून विचारलं तर म्हणते, सावली बरी आहे.

तुझीच, वाट बघणारी,
करुणाताई